बारा चोक

महापेच्या बंद कंपनीच्या आवारात
टायर रचून ट्रॅक केलाय.
कार्टिंगच्या सहा फेऱ्या संपल्या. गुणांची वही माझ्याकडे.

केतकी मढवी: चारदा पहिली.
दोनदा चेन तुटली, कार्ट ढकलत आली,
हेल्मेट न काढता बसून राहिली.
इर्शाद मुकादम: सहाही वेळा दुसरा.

पहिल्याला दहा, दुसऱ्याला आठ.
चाळीस. अठ्ठेचाळीस.
एकदाही न जिंकलेला पोरगा विजेता.

केतकीचा काका टेबलावर थाप मारतो:
"शर्यत आहे का रेशनची रांग?
जिंकण्याला पंधरा द्या!"

मी इथंच, रबाळ्याच्या कारखान्यात
एकतीस वर्षं टाइमकीपर.
एक खाडा नाही.
निवृत्तीला भिंतीवरचं घड्याळ मिळालं,
दिवसाला चार मिनिटं मागं पडतं.
तेव्हा हात इर्शादकडं झुकतो, कबूल.

पण चौथ्या फेरीत, शेवटच्या वळणावर
केतकी आतून घुसली
आणि माझी पेन्सिल खाली पडली.
एकतीस वर्षांत हातातून काही पडलं नव्हतं.

रात्री वहीच्या कोपऱ्यात बारा मांडून पाहिले.
बारा चोक अठ्ठेचाळीस.
आठ सक अठ्ठेचाळीस.
बरोबरी. म्हणजे पुन्हा तिथंच:
जास्त जिंकली तिला,
की एकदाही थांबला नाही त्याला?

सकाळी इर्शाद आला, वहीवर वाकला.
बारा बघून हसला नाही.
"काका, आठ मिळणार माहीत होतं,
म्हणून त्या वळणावर मी ब्रेक दाबला.
पंधरा असते,
तर तिला आत येऊ दिलं असतं का?"