पाठ

तिचा चेहरा तुम्ही पाहिलात, तिकीट काढून.
मला विचाराल तर मी पाठीबद्दल सांगेन.
एकतीस वर्षं हुक लावले मी त्या पाठीला.
सुरुवात ओल्डमची. दर सोमवारी नवं नाटक,
दर रविवारी जुन्याच भिंतींना नवा रंग,
आणि मेकअपच्या खोलीत एकच बादली,
छत गळायचं तिच्याखाली सरकवायची.

पोस्टरवर आयरीन हॅलम.
माझ्या रजिस्टरात आयव्ही हॅल्सॉल,
फ्लीटवुडच्या धक्क्यावर हेरिंग चिरणाऱ्या बाईची
तिसरी मुलगी.
आवाजातलं गाव तिने एका शिक्षिकेकडून
तासाला दोन शिलिंग मोजून काढून घेतलं,
माशाचा काटा काढावा तसं.
एक राहिलाच. रागावून 'आई' म्हणाली
की टोचायचा.

आरशाकडे न बघता ती संवाद घोकायची.
मी मागे नाड्या ओढत समोरच्याचं वाक्य द्यायची,
कधी नवरा, कधी बिशप, कधी पोलीस.
अशी शंभरेक नाटकं माझी पाठ आहेत.
समोर बसून एकही पाहिलेलं नाही.

चाळीस साली, दुसऱ्या अंकात, भोंगा झाला.
मॅनेजर म्हणाला, ज्यांना जायचंय त्यांनी जावं.
कुणी उठलं नाही.
हातात कप धरून ती तशीच उभी,
आणि पुढचं वाक्य होतं,
'आज किती शांत वाटतंय, नाही?'
हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.
विंगेतून मला दिसत होतं,
करड्या रेशमावर, मणक्याच्या बाजूने,
घाम कसा उतरत गेला ते.

मग सिनेमा.
तिथे पाठ लागत नाही. दोन्ही अर्थांनी.
तीन ओळी बोलायच्या की कट.
कपड्यांना त्यांच्या पोरी होत्या,
मी गाडीत थर्मास सांभाळत बसायची.
कॅमेरावाला मात्र हुशार. पहिल्याच दिवशी म्हणाला,
बाईंना उजवीकडूनच घ्या.

कारण डावा खांदा खाली होता.
बाराव्या वर्षापासून माशांच्या टोपल्या.
प्रत्येक झग्यात मी तिथे दोन बोटं कापूस शिवायची,
ती कधी 'शिव' म्हणाली नाही,
मी कधी 'शिवला' म्हटलं नाही.

एक्केचाळिसाव्या वर्षी तिला नायकाची आई केलं.
नायक चव्वेचाळीसचा.
त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी
अख्खी जिनची बाटली संपवली
आणि त्याच्या टोपावर फार वाईट बोललो.

ती गेली तेव्हा पेपरातून एका मुलाचा फोन आला,
बाई खऱ्या कशा होत्या?
मी तारखा सांगितल्या, हॅलममध्ये एल दोन ते सांगितलं.

नंतर निळा झगा घेऊन गेले, कापूस शिवून.
तिथली मुलगी म्हणाली,
निजलेल्या माणसाला खांदा कशाला सरळ?
मी म्हटलं, असू दे.
हुक लावायला पुढे झाले
तर तिने हळूच माझा हात धरला.
कापड मागून उभं कापतात म्हणे.
समोरून कळत नाही.