रविवारचे फोटो

डाव्या दंडावर तेफिलीन बांधलेली दिसते,
म्हणजे हा शनिवार नाही, तालिया.
शनिवारी तेफिलीन नाही, कॅमेरा नाही,
काडेपेटीसुद्धा फळीवरून खाली यायची नाही.
आमच्या घरातल्या सगळ्या बार मिट्झ्वा
अल्बमात एक दिवस उशिरा झाल्यात.

मांडवीला कांतिभाईंचा स्टुडिओ, जिना चढून डावीकडे.
कोट त्यांचाच.
बेन्झीमामाच्या फोटोत तोच, मधलं बटण नसलेला,
एलिझरच्या फोटोतही, अकरा वर्षांनी,
बाह्या तेवढ्या उसवून लांब केलेल्या.
पोरं मोठी झाली, दाढ्या आल्या, विमानात बसली.
कोट तेराच वर्षांचा राहिला.

तू विचारतेस, आजोबा कुठला अध्याय वाचतायत?
बाई गं, ती टेलिफोन डिरेक्टरी आहे.
हनोख तिच्यात इतक्या भक्तीनं बघतोय
की मलाही क्षणभर खरं वाटतं.

अध्याय त्यानं आदल्या दिवशी वाचला
आणि तिसऱ्या ओळीला अडकला.
चांदीचं बोट अक्षरावर थांबलं.
हजान मुद्दाम गप्प, पोराला आठवू दे म्हणून.
बाबा खोकल्यासारखं खोकले.
वर बायकांच्या सज्ज्यात मी, नऊ वर्षांची,
तीन महिने रात्री स्टोव्हपाशी
त्याचं पाठांतर ऐकून ऐकून विटलेली,
पुढचा शब्द मोठ्यानं म्हणाले.

सगळ्या टोप्या वर वळल्या.
आईचा चिमटा.
हनोखनं शब्द झेलला
आणि जो सुटला तो शेवटाशीच थांबला.
संध्याकाळी मलिद्याच्या ताटाशी
कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही,
फक्त सिपोरा आत्यानं माझ्या पोह्यांवर
एक खजूर जास्त ठेवला.

रविवारी कांतिभाई म्हणाले, बेबी, हसो.
पण मला घरातूनच ताकीद होती.
फोटो जरा मोठा करून बघ,
उजव्या कोपऱ्यात, पडद्याला चिकटून:
ओठ असे मिटलेत
जणू खजुराची बी अजून तोंडातच आहे.

तो शब्द मला अजून येतो.
अर्थ तेव्हा कुणाला विचारणार? आणि मग राहूनच गेलं.
तू तर तिकडे दिमोनात
त्याच भाषेत भाजीवाल्याशी घासाघीस करतेस.
थांब, फोन कानाशी धर, म्हणून दाखवते.
सांग मला,
काय म्हणाले होते मी?