छातीच्या उंचीवर

झाड मोजायचं ते छातीच्या उंचीवर,
असं नियमात आहे. कुणाच्या छातीच्या, ते नाही.
म्हणून कंपनी एक काठी देते, एक मीटर तीसची.
ती मी सांघाकाठच्या दलदलीत दोनदा हरवली
आणि शर्टाच्या दुसऱ्या बटणावर काम भागवलं.

शंभर सेंटिमीटर भरलं की लाल पट्टा.
कमी भरलं की निळा : असू दे, तीस वर्षांनी बघू.
तीस वर्षांनी मी सत्तरीचा असेन.
निळा रंग टिकतो दोन वर्षं, फार तर.

न्देया पुढे चालते. कोयता, पाठीवर टोपली,
गळ्यात कंपनीचं यंत्र. त्यावर अक्षरं नाहीत, चित्रं :
थडगं, मध, औषधी साल, अळी.
एका सापेलीच्या बुंध्यापाशी थांबली
आणि तिनं अळी दाबली.
यंत्र एकदा चिरकलं. वर कुठेतरी नोंद झाली.

"ऑगस्टात इथे अळ्या उतरतात.
आई माझी इथेच टोपली लावायची."

मी तरी फीत गुंडाळलीच. एकशे बारा.
तांबडं, सरळसोट, बिनगाठीचं,
दूरच्या कुठल्या शहरात कुणाचं तरी दार.

दवाखान्याचं छप्पर याच लाकडाच्या पैशातलं,
हे मी बोललो नाही. तिला ठाऊक आहे.
तिची नात त्याच पत्र्याखाली जन्मली.
आणि आम्ही निघून गेलो तर
पाम तेलवाले टपलेलेच आहेत.
त्यांच्या यंत्रावर एकच चित्र असणार.

"ते पलीकडचं घे," ती म्हणाली,
"त्याला अळ्या लागत नाहीत. कडू असेल, कोण जाणे."

पलीकडचं माझ्या बटणावर अठ्ठ्याण्णव भरलं.
ती आली, फीत ओढून आपल्या छातीशी नेली,
वीतभर खाली.
एकशे एक.
माझ्याकडे बघून हसली नाही.
मी लाल डबा उघडला.

सिल्वेरनं दुपारी करवत चालवली.
बुंध्याला आणि ओंडक्याला एकच नंबर ठोकला,
जत्रेत हरवू नयेत म्हणून भावंडांच्या दंडाला
एकच गंडा बांधावा, तसा.

ऑगस्टात गेलो. न्देयाच्या सापेलीखाली
तडतड तडतड, पानापानावर अळ्यांची लेंडकी,
आणि पोरं पळत होती ओरडत.
तिनं मूठभर भाजलेल्या दिल्या, मीठ लावून.

त्या खाता खाता पलीकडे गेलो, नवी काठी घेऊन.
उगाच. खात्री करावी म्हणून.
बुंधा माझ्या गुडघ्याएवढा.
काठी उभी धरली.
वरचं टोक हवेत राहिलं.