न आलेल्या ओळी

अक्कलकोट रोडला, कारखान्याच्या मागच्या खोलीत
टॉवेलांचे गठ्ठे सरकवून आम्ही भिंत मोकळी करतो
आणि तिच्यावर मंगळ पाडतो.
प्रोजेक्टर एका ट्यूशनवाल्याचा, जुना.
भिंगावर एक डाग आहे,
प्रत्येक ग्रहावर डावीकडे उगवतो.
आम्ही त्याला नाव दिलंय : गड्डा.

पाच-सहा जण असतो, कधी चारच.
रुक्साना सिव्हिलमध्ये एक्स-रे काढते.
रेवणसिद्धची हयात डाय-हाऊसमध्ये गेली,
नखांच्या कडा अजून मोरपंखी.
सत्तय्या कुरापाटी जकार्डची पुठ्ठी पाडायचे;
बोलण्याआधी तेलुगूत काहीतरी मोजतात.
मी पाणीपुरवठ्यात कारकून. फोटो मी उतरवून आणतो,
कच्चे, यंत्रानं धाडले तसे.

पहिलं भांडण रंगावरून.
मी म्हटलं, तिथलं आभाळ लोण्यासारखं.
कुणी सांगितलं? रेवणसिद्ध म्हणाला.
ओला रंग वेगळा, वाळला की वेगळा;
ट्यूबलाइटखाली पास झालेला लॉट
उन्हात नेला की व्यापारी परत पाठवतो.
मग एका फोटोत त्याला दिसली
गाडीच्या पाठीवर बसवलेली रंगांची चकती,
लाल, हिरवा, पिवळा, निळा, वर धुळीचा थर.
उठून भिंतीपाशी गेला, चकती त्याच्याच कपाळावर पडली.
"शेडकार्ड नेलंय की बे सोबत!"
तेव्हापासून ती गाडी
त्याच्या लेखी आपल्या धंद्यातली.

एकदा गोल गोटे दिसले, काँक्रीटात कालवल्यासारखे.
असे गोटे वाहतं पाणीच घडवतं, मी सांगितलं.
कधी होतं पाणी?
तीनेक अब्ज वर्षांपूर्वी.
"आणि आमच्या गल्लीत?"
शुक्रवारी, म्हटलं. बहुतेक.

शुक्राच्या फोटोपाशी मात्र कुणी विनोद केला नाही.
दोनेक तास टिकलेलं यंत्र, चपटे दगड, स्वतःचाच पाय.
मे महिना होता. लाइट गेली तशी
भिंत भिंत झाली,
आम्ही अंधारात शेंगा फोडत बसलो.

मग तो फोटो. एका म्हाताऱ्या गाडीचा, शेवटचा.
वादळानं सूर्य झाकला होता, बॅटरी उतरत होती.
वर राखाडी, दाणेदार अंधार
आणि खाली एक पट्टा, गुळगुळीत, काळाकुळीत.
"ही दोन काळी वेगळी आहेत," रुक्साना म्हणाली.
फिल्मवर काळं म्हणजे हवा. फुप्फुस.
काहीतरी आहे, म्हणून काळं.
वरचं तसं. खालचं काळं नाहीच,
खालचं आलंच नाही.

सत्तय्या पुटपुटत मोजत राहिले.
मग विचारलं, "कितव्या ओळीला लाइट गेली?"

नंतर दोन महिने ते फिरकले नाहीत.
पोरानं इलेक्ट्रॉनिक माग घेतला होता,
जुन्याचा सौदा झाला होता, किलोवर.
तो टेम्पोत चढण्याआधी
म्हाताऱ्यानं त्या फोटोची पुठ्ठी पाडली,
ओळीला एक.

एका गुरुवारी बगलेत गुंडाळी घेऊन आले.
वॉलहँगिंग. बालाजी नाही, मोर नाही,
राखाडी नुसतं; दाणा न् दाणा उतरलेला.
आणि खाली वीतभर विणलंच नव्हतं.
नुसता ताणा. बाणा नाही.
उभे धागे मोकळे, पलीकडे त्यांची बोटं दिसत होती.

"गाठी तरी मारायच्या," मी म्हटलं, "उसवेल."
"मारल्या की मग
पुढची ओळ कुठं घालायची?"

कुणीच काही बोललं नाही.
रेवणसिद्धनं कापड दारात नेलं, उन्हात धरलं,
दोन्ही बाजू उलटून पाहिल्या.
"राखाडी जरा निळ्यावर गेलीय."

सत्तय्या शेंगांच्या टरफलांत हात घालून
एखादा दाणा राहिलाय का बघत होते.
"ट्यूबलाइटखाली बघ," म्हणाले.