अकरा तोळे लोखंड

लोखंड कुणी तोळ्यावर जोखत नाही,
पण माझ्याकडे दुसरा काटा नाही.
दोन गुंजा कमी, अकरा तोळे.

केवळबाईंनी रुमालाची गाठ सोडून ते गादीवर ठेवलं
तेव्हा अमळनेरच्या सराफ गल्लीत
दुपारचे तीन वाजले होते, आणि समोरच्या
रसवंतीचे घुंगरूसुद्धा उन्हानं गप्प होते.
"हाई काय शे, भाऊ?"

चकती. तळहाताएवढी.
मधे पाचरीच्या आकाराचं भोक,
बाजूला दोन खिडक्या, एक शिशानं बुजवलेली,
आणि खाली कोरून काढलेलं अर्धं चाक,
लाटांत रुतलेलं.

आजेसासरे हिलाल धुडकू ब्रह्मदेशातून आले
ते एक ट्रंक, हिवताप आणि हे घेऊन.
पातं साहेबानं ठेवून घेतलं.
मूठ कुठे गेली कोण जाणे.
दोन्हींच्या मधलं, हात वाचवणारं, तेवढं यांच्या वाट्याला.
तेव्हापासून लोणच्याच्या बरणीला दादरा,
आणि दादऱ्यावर हे.

उगाच कसोटीवर घासून पाहिलं.
रेघ उमटली नाही. काळ्यावर काळं काय उमटणार.

मग चित्रकलेच्या सोनगिरे सरांनी
बदलीच्या वेळी माझ्या गळ्यात मारलेलं
जपानी तलवारींचं जाड पुस्तक काढलं.
त्यात म्हटलंय: कडेवरून बोट फिरवा.
ओवारीच्या लोहारांच्या कडेला गाठी लागतात,
म्हाताऱ्या बैलाच्या कातड्याखाली हाडं लागावीत तशा.
अकासाकाची कड गोल, खाऊनपिऊन सुखी.
डोळे मिटले. बोट फिरवलं.
दोन ठिकाणी हाड लागलं.
तिसऱ्या ठिकाणी लागलं,
की लागावंसं वाटलं,
शपथेवर सांगता येत नाही.

मधल्या भोकाच्या वर-खाली तांब्याच्या पाचरी.
म्हणजे हे एकाच पात्याचं नव्हे.
एक पातं गेलं, दुसरं बारीक निघालं,
आणि कुणीतरी, मान मोडेपर्यंत खाली घालून,
तांब्याचा तुकडा ठोकून ते घट्ट केलं.
त्याचं नाव नाही.
घडवणाऱ्याचंही नाही.
आमच्या अहिर सोनारांत तरी
डागिन्यावर नाव कोण घालतं?

राहिलं वय.
वय रंगावर ठरतं.
पिकल्या जांभळासारखी गंजाची साय हवी,
पिढ्यान् पिढ्या हाताळून आलेली.
हे तर नव्या विळ्यासारखं पांढरं.
"दर दिवाईले मी चिंच लाईसन घासस,"
केवळबाई अभिमानानं म्हणाल्या.

दोनशे वर्षं असतील, तीनशे असतील,
आंबट पाण्याबरोबर मोरीतून गेली.
मी पुस्तकाचं पान उलटलं.
त्याखेरीज काय करणार.

"पण चाक पाण्यात कशाला?"
हे मी स्वतःलाच विचारलं होतं.
पुस्तकात एवढंच होतं: पारंपरिक नक्षी.
केवळबाई हसल्या, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून.
"उन्हायामा लाकूड सुकस, धाव ढिली व्हस.
मना बाप चाक काढीसन
बोरीना डोहमा ठेवे.
रातभर पानी पेवाले."

पंख्याचा आवाज तेवढा उरला.
मी लाटा मोजल्या. पाच.
चाकाचे आरे पाण्याखाली जाताना
थोडे जाड केले होते त्यानं,
फुगलेले.
हे मला आधी दिसलं नव्हतं.

म्हटलं, दोन दिवस राहू द्या, कड पुन्हा बघतो.
पावती केली.
वस्तू: लोखंडी चाक, भिजत घातलेलं.
घराणं: ओवारी, बहुतेक.
शुद्धतेचा रकाना मोकळा सोडला.

"आनि बरनीवर काय ठेवू?"
ड्रॉवरमधून शंभर ग्रॅमचं जुनं पितळी वजन काढून दिलं.
त्यांनी ते हातात घेतलं, दोनदा वर-खाली केलं,
माझ्या काट्याकडे पाहिलंही नाही.
"हाई हलकं शे," म्हणाल्या.