डावीकडची कळ

कोत्का बंदर. पायलट बोटींची खोली. पाच पडदे.
चौघांच्या कोपऱ्यात एकेक घड्याळ:
इथलं, ग्रीनिचचं, ग्दिन्याचं,
आणि एक नुसतंच गोल, आकडे नसलेलं.
पाचव्यावर रडार.
जानेवारीत नऊ वाजून गेल्यावर उजाडतं,
तोवर घड्याळं म्हणतील ते खरं.

तोर्स्ती एकोणीस वर्षं माझ्या शेजारी बसतो.
पूर्वी बाण हरवला की माऊस गरागरा फिरवायचा,
कॉफी हिंदकळायची,
आणि बाण सापडायचा भलत्याच पाण्यात,
एस्टोनियाच्या किनाऱ्याला लागलेला.

मग ओइवा आला, कॉम्प्युटर बघणारा पोरगा.
म्हणाला, डावीकडची कंट्रोलची कळ दाबा.
बाणाभोवती वलयं उमटली.
पाण्यात दगड पडला की वलयं बाहेर पळतात.
ही उलटी.
काठावरून आत येतात, लहान होत होत,
आणि दगड बुडाला नेमकं तिथेच मिटतात.
आम्ही दोघं दिवसभर उगाचच दाबत बसलो.

नोव्हेंबरात पाहिलं,
तोर्स्तीच्या कळेवरची अक्षरं पुसली गेली होती.
माझी अजून कोरी.
घड्याळं त्याने एकेक करून ओढून नेली
अगदी उजवीकडच्या पडद्यावर,
दुरुस्तीला आल्यासारखी तिथे दाटीवाटीने टिकटिकत होती.
मी विचारलं नाही.
एकदा वायरलेसवर 'कोइवुसारी' जहाजाला
त्याने नुसतंच 'सारी' म्हणून हाक मारली.
जहाजाला वाटलं, लाडाने.

काल रात्री बर्फ सरकत होतं.
तो म्हणाला,
ओइवाला सांग, त्याचं काहीतरी बिघडलंय,
वलयं अर्धीच उमटतात.
मी उठले, त्याच्या खांद्यावरून हात पुढे केला,
कळ दाबली.
आत आलं. मिटलं.
पुन्हा दाबली.

'पूर्ण आहे?'
पडद्याकडेच बघत विचारलं त्याने.

हो, म्हणाले.
इतकं हळू की रडारचा पंखाच मोठा वाटला.

तो बराच वेळ बोटाने टेबलाची कड चाचपत राहिला,
डावी कड,
जिथे त्याची कॉफी होती आणि त्याला ती दिसत नव्हती.
मग म्हणाला, पुढची बोट तू घे.
आणि दवाखान्याचा नंबर फिरवला,
चार वाजून सतरा मिनिटांनी,
तिथे आठपर्यंत कुणी फोन उचलत नाही
हे पक्कं ठाऊक असून.
वाजू दिला.