फट

महिन्यातून एकदा आमची दवाखान्याची लाँच
अपियाओ बेटाच्या धक्क्याला लागते.
धक्का म्हणजे चार ओंडके,
आणि एक कुत्रा, जो कुणाचाच नाही.
डॉक्टर ओयार्सो खुर्ची उलगडतात,
मी प्लास्टर कालवते. माझं काम तेवढंच.

एदुविहिस मियाकुरा सगळे गेल्यावर आली,
शालीचं टोक ओठांवर धरून.
वय एकोणसाठ. चेहरा सांगत होता पंचाहत्तर.
वरचे दात जाऊन अठरा वर्षं झालेली,
खालचे उरलेले सहा एकमेकांना ओळख दाखवत नव्हते.
नाक हनुवटीला भेटायला निघालेलं.
आणि तोंड उघडलं की कानापुढे: टक्.
वल्ह्याची खुंटी सैल झाल्यावर येतो तसा.
"रात्री नवरा जागा व्हायचा," ती म्हणाली,
"आता तो नाही. आवाज आहे."

डॉक्टरांनी मोजपट्टी लावली, नाकाखालून हनुवटीपर्यंत.
"इथले नऊ मिलिमीटर हरवलेत," म्हणाले,
माझ्याकडे असं बघून,
जणू मीच कुठेतरी ठेवून विसरले.

दात नसले की हिरडीखालचं हाड झिजतं,
ओठांना टेकायला भिंत उरत नाही,
जबडा आधार शोधत भलतीकडे सरकतो,
सांधा बिचारा एकटा ओझं वाहतो.
शंभरदा ऐकलंय मी हे.
तरी तिनं मेणाचा कठडा तोंडात घेतला
आणि वरचा ओठ भरून आला, तेव्हा
माझा हात थांबला.
प्लास्टर वाडग्यातच दगड झालं. बोलणी खाल्ली.

"जुना फोटो आणा, हसतानाचा."
तसा फोटो नव्हता.
लग्नातसुद्धा तिनं तोंड मिटलेलं.
पुढच्या फेरीला ती मुलीलाच घेऊन आली,
शिंपले सोलता सोलता उठवून, हात अजून ओले.
"हिला हसवा. माझे असेच होते."

लेओंतिना भलतीच वैतागली.
मग कुत्र्यानं डॉक्टरांचा बूट पळवला
आणि तिनं दात काढले.
आमच्या खुर्चीत न दुखता निघालेले ते पहिलेच.
समोरच्या दोघांत फट,
गव्हाचा दाणा मावेल एवढी.

डॉक्टर म्हणाले, कवळीत ही बुजवू, सुबक दिसेल.
ती म्हणाली, राहू दे.
पांढऱ्याशुभ्र छटेलाही नकारच:
"चाळीस वर्षं माते पितेय मी.
शेजारी काय आंधळे आहेत?"

वर पूर्ण कवळी, खाली अर्धी.
"सेसेन्ता ई सेइस म्हणा. सहासष्ट."
सहासष्टमध्ये शिट्टी वाजली.
जरा घासलं. पुन्हा सहासष्ट.
हिरडीला दोन जखमा झाल्या, भरल्या.
गालांचे खड्डे उथळ झाले,
ओठावरच्या सुरकुत्या हट्टी, काही राहिल्याच.
टक् मात्र हळूहळू लांब गेलं,
गार वारा सुटला की अजून येऊन जातं म्हणे, पाहुण्यासारखं.

मार्चमध्ये, सफरचंदांच्या दिवसांत, लाँच लागली
तेव्हा ती धक्क्यावर उभी होती, चाकूनं फोडी करत,
दोन्ही दाढांनी सावकाश चावत, शिकवलं होतं तसं.
आम्हाला पाहून हसली.
हात सवयीनं तोंडाकडे निघाला,
वाटेत थांबला,
आता कुठे जावं त्याला कळेना.

मी दोर फेकला.
त्यानं तो झेलला.